आधी लगीन कागदांचे



या सदरात आपण सातबारा, वारसनोंद, पीककर्ज, बांधाची भांडणे असे विषय बोलत असतो. आज एक वेगळाच कागद हाती घेतो. निळ्या पुठ्ठ्याचे, खिशात मावणारे लहानसे पुस्तक. पासपोर्ट. "आम्हा शेतकऱ्यांना त्याचे काय काम?" असे म्हणून पान उलटू नका. हल्ली आपल्या निफाड, सिन्नर, मालेगावकडची पोरे वेल्डर, ड्रायव्हर, गवंडी म्हणून आखातात जातात. आणि जिथे वयात आलेला पोरगा, तिथे त्याच्या लग्नाची काळजी ही आलीच.

२०२४ सालचा माघ महिना होता. द्राक्षांची काढणी ऐन भरात. अशा दिवसांत शेतकरी माणूस बाग सोडून कुणाच्या दारी जाऊन बसत नाही. तरी निफाडकडचे एक जोडपे सकाळीच माझ्या ओट्यावर येऊन बसले. बाईंच्या डोळ्याला पदर. पाणी झाले, चहा झाला. मग गृहस्थ खाली बघत म्हणाले, "भाऊ, पोरगं तिकडं अडकलंय. अन् इकडं चैत्रात लग्नाची तारीख धरलीय."

हळूहळू सगळे कळले. मुलगा सातपूरच्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकलेला. २०२३च्या मे महिन्यात एका एजंटाने त्याला दुबईला पाठवले. कामाचा व्हिसा म्हणून पैसे घेतले आणि हाती दिला तो व्हिजिट व्हिसा, म्हणजे पाहुण्यासारखे जाऊन परत यायचा. "तिकडे गेलास की बदलून देतो," हा वायदा. पोरगा तिकडे उतरला आणि एजंटाचा फोन बंद झाला. जुलैमध्ये व्हिसाची मुदत संपली. पोराने एका लहान वर्कशॉपात रोजंदारी धरली आणि दबकून राहू लागला. दिवाळीच्या सुमारास दहा जणांची खोली बदलताना त्याची बॅग गेली, आणि बॅगेत पासपोर्ट गेला. घरी काळजी नको म्हणून तो बोलला नाही. इकडे मार्गशीर्षात सुपारी फुटली. मुलीकडचे चांदवड तालुक्यातले. त्यांनी मांडववाल्याला विसार दिला, आणि पुढच्या आठवड्यात बस्ता बांधायचा होता. तेव्हा कुठे पोराने रडत रडत आईला फोनवर सांगितले.

"मुलीकडच्यांना कळवलंत का?" मी विचारले. कोणी बोलेना. मग बाई म्हणाल्या, "सोयरीक मोडली तर? भावकीत तोंड कसं दाखवायचं?"

अडचण आली की सल्लागार वाढतात. एकाने सांगितले होते, "ऐंशी हजार द्या, दुसरा पासपोर्ट काढून देतो, जुन्याचं नावच काढायचं नाही." दुसरा म्हणाला, "मुलीकडं सांगा, साहेब रजा देत नाही." अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी या माउलींची गत झाली होती. दोन्ही सल्ले खड्ड्यात नेणारे होते. ते का, आणि सरळ वाट कोणती, ते तुमच्यासाठी इथे मांडतो. उद्या ही वेळ तुमच्या भावकीतही कोणावर येऊ शकते.

पुस्तक वेगळे, मुदत वेगळी

पहिली गोष्ट समजून घ्या. या घरावर एक संकट आले नव्हते, दोन आली होती, आणि घाबरून त्यांनी दोन्हींची एकच गाठ मारली होती. पासपोर्ट हरवणे ही एक गोष्ट. व्हिसाची मुदत उलटणे ही दुसरी.

पासपोर्ट आपले सरकार देते. हा माणूस भारताचा नागरिक आहे, एवढे ते पुस्तक जगाला सांगते. सातबारा हरवला म्हणून जमीन जात नाही. तलाठी कार्यालयातून दुसरा उतारा मिळतो, कारण नोंद दप्तरात असते. तसेच पासपोर्टाचे. पुस्तक हरवले तरी नागरिकत्व हरवत नाही, आणि सरकारदरबारी नोंद असतेच.

व्हिसा मात्र दुसऱ्या देशाचे सरकार देते. सुगीपुरती शेजाऱ्याच्या शेतातून गाडी न्यायची परवानगी घ्यावी, तसा तो प्रकार. मुदत सरल्यावरही गाडी त्याच शेतात उभी ठेवली तर शेजारी भांडणारच, आणि ते भांडण आपला सरपंच आपल्या सहीने मिटवू शकत नाही. म्हणून पुस्तक आपली वकिलात देऊ शकते. उलटलेल्या मुदतीचा दंड माफ करणे तिच्या हातात नसते.

हे निळे पुस्तक छापले जाते कुठे, ठाऊक आहे? आपल्याच नाशिक रोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. पोस्टाची तिकिटे, स्टँप पेपर आणि पासपोर्ट यांची छपाई तिथे होते. चिप बसवलेले नवे ई-पासपोर्टही तिथेच तयार होतात. आपल्या जिल्ह्यातल्या कामगारांच्या हातून निघालेले पुस्तक आपलाच पोरगा परदेशात हरवून बसला होता.

आणखी एक कलम कायम ध्यानात ठेवा. १९६७च्या पासपोर्ट कायद्यात, कलम १७ मध्ये, स्पष्ट म्हटले आहे की पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. म्हणजे तो एजंटाकडे गहाण पडत नाही, मालकाने पेटीत कोंडून ठेवायचा नसतो, आणि उसन्या पैशांपोटी कोणाकडे टाकायचाही नसतो.

आता त्या ऐंशी हजारवाल्याचे बघू. जुना पासपोर्ट लपवून, खोटी माहिती देऊन नवा काढणे हा त्याच कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हरवला नसताना हरवला म्हणून सांगणेही त्यातच येते. ऐंशी हजार देऊन पोराच्या मागे खटला लावून घ्यायचा, असा तो सल्ला होता.

पुस्तक हरवले तर

परदेशात पासपोर्ट हरवला तर तिथल्या पोलिसांत नोंद करावी आणि भारतीय वकिलातीला कळवावे. आपल्या मुलासारखी मुदत उलटलेली असेल तर पोलिसांत जायची भीती वाटते, ते खरे. अशा वेळी आधी वकिलातीच्या मदतकेंद्रात जाऊन सगळी हकीकत सांगावी आणि ते सांगतील त्या क्रमाने जावे. हरवलेल्या पासपोर्टाची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स, फोटो आणि ओळखीचा कोणताही भारतीय कागद सोबत असला की काम सोपे होते.

तिथे दोन वाटा असतात. एक म्हणजे नवा पासपोर्ट. त्यात घरच्या पत्त्यावर पोलीस चौकशी होते, म्हणून वेळ लागू शकतो. दुसरी वाट म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट. हा एकदाच मायदेशी परतण्यापुरता दाखला. त्यावर दुसऱ्या देशात जाता येत नाही. ज्याला फक्त घरी यायचे आहे त्याला हा पुरे. घरी आल्यावर नव्या पासपोर्टासाठी रीतसर अर्ज करायचा.

आपल्याकडेच, समजा यात्रेत किंवा एसटीत पासपोर्ट हरवला, तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. कधी, कुठे, कसा हरवला याचे प्रतिज्ञापत्र करावे आणि पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करावा. नाशिकला असे केंद्र आहे, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. ३६ पानी पुस्तकाची साधी फी १,५०० रुपये, तर हरवलेल्याच्या बदल्यात नवे घ्यायचे तर ३,००० रुपये पडतात. जाण्यापूर्वी १८००-२५८-१८०० या फुकटच्या नंबरवर एकदा विचारून घ्यावे. नव्या पुस्तकाचा नंबर नवा असतो आणि जुना रद्द होतो. पुढे धान्याच्या कणगीमागे जुना सापडला तरी तो वापरायचा नाही, केंद्रात जमा करायचा.

त्या जोडप्याला मी विचारले, पोराच्या पासपोर्टाची झेरॉक्स घरी आहे का? गृहस्थांनी मान हलवली. बाई मात्र म्हणाल्या, "बँकेच्या कामाला त्यानं एकदा काढली होती. पेटीत असंल." दुसऱ्या दिवशी लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या घडीत तो कागद सापडला. नंबर मिळाला आणि निम्मे काम तिथेच झाले.

मुदत उलटली तर

ही गाठ खरी अवघड. दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत येते, तिथे मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास रोजचा दंड लागतो. २०२२ पासून तो दिवसाला ५० दिरहम असा ठरला. फेब्रुवारी २०२४पर्यंत आपल्या मुलाचे सुमारे २४० दिवस भरले होते. करा हिशेब. १२,००० दिरहम. एका दिरहमला नुसते २२ रुपये धरले तरी २ लाख ६४ हजार रुपये होतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. इथे झाकलेली मूठ रोज पन्नास दिरहमांनी महाग होत होती. पोराने घरच्यांपासून लपवले आणि घरच्यांनी सोयऱ्यांपासून. त्या लपवालपवीत प्रत्येक दिवसाचे बिल लागत होते.

गृहस्थ म्हणाले, "वीस गुंठे विकतो, भाऊ." मी म्हटले, आधी दोन गोष्टी करा, मग जमिनीला हात लावा. एक, पोराला वकिलातीत जाऊन नाव नोंदवू द्या, कागद तयार करू द्या. दोन, भारतीय समुदाय कल्याण निधीबद्दल तिथेच विचारू द्या. हा निधी २००९ साली आपल्या सरकारने सुरू केला. परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयाला परतीचे तिकीट, निवारा आणि काही प्रसंगी, विशेषतः चूक त्याची नसताना, दंडासाठीही त्यातून मदत होते. ती हक्काने मिळेलच असे नाही, वकिलात प्रकरण पाहून ठरवते. पण विचारल्याशिवाय कोणी घरी आणून देत नाही.

अधूनमधून आखाती सरकारे माफीची मुदत जाहीर करतात. सौदी अरेबियाने २०१३ साली अशी मुदत दिली होती, ती जुलैवरून वाढवून नोव्हेंबरपर्यंत नेली. अमिरातीने २०१८ साली ऑगस्ट ते डिसेंबर अशी दिली. त्या त्या वेळी आपली हजारो माणसे परत आली. पण माफी म्हणजे वळवाचा पाऊस. आला तर सोने, पण त्याच्या भरवशावर पेरणी करायची नसते. आणि पाऊस आला तेव्हा रान नांगरलेले नसेल तर तो वाहूनच जातो.

लग्नाला पासपोर्ट लागतो का?

बाईंनी विचारले, "पासपोर्टाबिगर लग्न कायद्यानं धरतील का?" प्रश्न साधा, पण अनेकांच्या मनात असतो.

आपल्या गावात, आपल्या रीतीने होणाऱ्या लग्नाला पासपोर्ट लागत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मुलगा २१ वर्षांचा आणि मुलगी १८ वर्षांची हवी, दोघांपैकी कोणाचे आधीचे लग्न टिकून असू नये, जवळचे निषिद्ध नाते नसावे, अशा अटी आहेत. पासपोर्टाचे नाव त्यात नाही. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. तिला वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, लग्नपत्रिका आणि साक्षीदार लागतात. ती नोंद मात्र न चुकता करा. पुढे पासपोर्टात बायकोचे नाव घालायचे, तिला तिकडे न्यायचे, तर तोच दाखला कामी येतो.

लग्न परदेशातच, आपल्या वकिलातीत लावायचे असेल तर गोष्ट वेगळी. ते १९६९च्या परदेशी विवाह कायद्याखाली होते. त्याला आगाऊ नोटीस द्यावी लागते, आणि तिथे पासपोर्ट व कायदेशीर राहण्याचा पुरावा मागतात. लपून राहणाऱ्याला ती वाट बंद.

काहींचा असाही समज असतो की लग्न झाले की उलटलेली मुदत आपोआप माफ होते. तसे नाही. आपल्या देशाचेच उदाहरण घ्या. परदेशी मुलीने भारतीय मुलाशी लग्न केले तरी नागरिकत्वासाठी अर्ज करण्यापूर्वी तिला सात वर्षे इथे राहावे लागते, आणि व्हिसा उलटवून बेकायदा राहिलेल्याला तर नागरिकत्व कायदा दारच उघडत नाही. तिने आधी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जाऊन आपला मुक्काम नियमित करून घ्यायचा. जो नियम आपण इतरांना लावतो, तसाच दुसरे देश आपल्याला लावतात. अक्षता पडल्याने जोडपे बांधले जाते. व्हिसाचा दंड मात्र ज्याचा त्याला राहतो.

तेव्हा त्या जोडप्याला मी एवढेच सांगितले. तानाजी मालुसरे घरात रायबाचे लग्न निघाले असताना म्हणाले होते, आधी लगीन कोंढाण्याचे. तुम्हीही तसेच ठरवा. आधी लगीन कागदांचे, मग पोराचे. मुहूर्त पुढे ढकलता येतो, वर्षात दुसरा निघतो. खोट्या पायावर लावलेले लग्न मात्र पुन्हा मांडता येत नाही.

सोयऱ्यांना काय सांगायचे?

हीच त्या घरची सर्वांत जड पायरी होती. वकिलातीत जाणे सोपे, व्याह्याच्या ओसरीवर जाणे कठीण.

गृहस्थ दोन दिवस घुटमळले. तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाला घेऊन चांदवडकडे गेले आणि व्याह्यासमोर सगळे सांगितले. एजंट, व्हिसा, हरवलेला पासपोर्ट, दंडाचा आकडा, काही ठेवले नाही. व्याही संतापले. "सुपारीच्या वेळी का नाही बोललात?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. जेवणाला थांबा असेही कोणी म्हटले नाही. दोघे भाऊ उपाशीच परतले.

पुढे चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी व्याह्यांनीच फोन करून तीन प्रश्न विचारले. पोरावर दुसरा काही गुन्हा आहे का? तिकडे दुसरे लग्न किंवा भानगड आहे का? कर्ज किती आहे? तिन्हींची उत्तरे खरी मिळाली. मग ते म्हणाले, "चैत्रातली तारीख मोडली असं मी म्हणत नाही, पुढं गेली असं म्हणतो. पण यापुढं पोरानं माझ्या पोरीशी स्वतः बोलायचं. मधे कोणी नको."

मुलगी बारावी शिकलेली. तिने होणाऱ्या नवऱ्याकडून सगळ्या कागदांचे फोटो मागवून घेतले आणि वाचले. पासपोर्टाच्या झेरॉक्सवर वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले तिनेच पकडले. तेवढ्या एका अक्षरावरून पुढे महिनाभर कागद अडला असता. ज्या मुलीपासून सगळे लपवायचे चालले होते, तिनेच गाठ सोडवायला हात लावला. लपवले असते तर हा हात मिळाला नसता, हे लक्षात घ्या.

उन्हाळा गेला. द्राक्षाच्या पैशातून थोडे जमले, पण दंड पुढे पळत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अमिरातीने जाहीर केले की १ सप्टेंबरपासून मुदत उलटलेल्यांना दंड न घेता जाऊ देणार. ही माफी आधी ऑक्टोबरअखेरपर्यंत होती, पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. या वेळी निघून जाणाऱ्यावर पुन्हा येण्याची बंदीही घालायची नाही, असे ठरले होते. आपल्या मुलाची नोंद, झेरॉक्स, दुरुस्त केलेले कागद वकिलातीत आधीच होते. त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळाले, मग तिथल्या सरकारचा देश सोडायचा परवाना मिळाला, आणि घटस्थापनेआधी तो मुंबईच्या विमानतळावर उतरला. चौदा महिन्यांचा दंड, चार लाखांच्या वर, वाचला. वीस गुंठेही वाचले.

ज्यांचे कागद तयार नव्हते त्यांना तीच मुदत धावपळीची गेली. पाऊस सगळ्यांच्या रानावर पडला, वाफसा मात्र नांगरलेल्या रानालाच आला.

तुळशीचे लग्न झाले आणि त्याच महिन्यात या दोघांचे लागले. मी गेलो होतो. मांडववाल्याने पहिला विसार धरून घेतला होता. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झाली. मग पोराने नाशिकला नव्या पासपोर्टाचा अर्ज केला तो बायकोचे नाव घालूनच. हरवल्याचे, मुदत उलटल्याचे, परतीच्या दाखल्याचे, सगळे त्यात खरे लिहिले. चौकशीला वेळ लागला, पण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होते, म्हणून कोणी अडकवले नाही.

घरोघरी करून ठेवायची कामे

आता तुमच्या घरातले कोणी बाहेर जाणार असेल तर एवढे कराच.

पासपोर्टाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची, तसेच व्हिसाची झेरॉक्स घरच्या पेटीत ठेवा. एक फोटो बापाच्या फोनमध्ये आणि एक आईच्या किंवा बहिणीच्या फोनमध्ये ठेवा. नंबर आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा. कांदा कधी काढायचा हे आपण दिवस मोजून ठरवतो, तसे व्हिसाचे दिवसही मोजा.

शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड यांवरची नावे एकसारखी आहेत का, ते जाण्याआधी बघा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकरांना पासपोर्टासाठी जन्मदाखलाच चालतो, म्हणून तो आजच ग्रामपंचायतीतून काढून ठेवा.

व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका. "तिकडे गेल्यावर बदलून देतो," हे वाक्य ऐकले की उठून या. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांत कामाला जायचे तर १९८३च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे सरकारची मंजुरी लागते. ती त्याच्याच रक्षणासाठी आहे, तिला बगल देऊ नका. एजंट सरकारी नोंदणीचा आहे का, ते परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट यादीत बघता येते. त्याने घ्यायची फी कायद्याने ३०,००० रुपये आणि वर कर, एवढीच आहे. लाख, दीड लाख मागणारा माणूस आपले भले करायला बसलेला नाही. शंका असली तर सरकारचा प्रवासी मदतीचा १८००-११-३०९० हा नंबर लावा.

आणि मुलीच्या आईबापांनो, तुम्हालाही सांगतो. परदेशातले स्थळ आले की पगार विचारता, फ्लॅट विचारता. आधी व्हिसा कोणता आणि कधीपर्यंतचा, तो कागद दाखवा म्हणा. यात अपमान नाही. जमीन घेताना सातबारा मागतो, त्यात कोणी रागावते का?

परवा त्या घरी गेलो होतो. सून द्राक्षाच्या बागेतून आली होती. पासपोर्ट कुठे ठेवलाय, असे मी सहज विचारले. तिने लोखंडी पेटीकडे बोट दाखवले. "तिथं आहे. अन् झेरॉक्स माझ्या माहेरी पण ठेवलीय," ती म्हणाली. सासरे नुसते हसले.

तुमच्या पेटीतले कागद या रविवारी एकदा उघडून बघा. एवढे केलेत तरी आजचे लिहिणे कारणी लागले.